सिक्सर आणि मिश्काकची थाळी

मॅच बघताना मला भूक लागते आणि भूक लागली की माझं डोकं फिरतं, हे आधीच सांगून टाकतो.

इकडे आखातात, अल् घुब्राच्या एका मैदानावर, आम्ही कामाला आहोत त्या इब्री गावाची टीम सूर गावाच्या टीमशी खेळत होती. खेळाडू दोन्हीकडचे पगारी, खेळायलाच ठेवलेले. सोबत माझा रूममेट होता, दापोलीकडचा, माझ्याच हाताखाली वेल्डिंग शिकलेला. चार दिवसांनी त्याचं गावी लग्न होतं. त्याच्या आईने मला फोनवर बजावलं होतं, "माझ्या पोराला धड पाठव रे बाबा. तुझ्या भरवशावर आहे."

आमचे सात गडी बाद झाले. मी वैतागून त्याला म्हणालो, "जा, काहीतरी खायला आण." तो वीस पावलांवरच्या टपरीकडे वळला आणि पुढच्याच बॉलला सिक्सर! तो रांगेत असताना आणखी एक! एका हातात चहाचे दोन ग्लास, दुसऱ्या हातात मिश्काकची थाळी, म्हणजे सळीवर भाजलेली कोंबडी, चिंचेच्या चटणीसकट. तो निघाला तसा मी बोंबललो, "हलू नकोस! तिथेच थांब!"

ज्याच्या जाण्याने रन येतात त्याने परत यायचं नसतं. हे त्यालाही ठाऊक होतं. हसला आणि टपरीच्या तोंडाशीच उभा राहिला.

त्याच्या मागे रांगेतले सगळे भुकेले, आणि हा वाट अडवून. ढकलाढकली सुरू झाली, शिव्या सुरू झाल्या. त्याने मानेनेच विचारलं, येऊ का? मी हाताने नाही म्हटलं. अजून पाच रन हवे होते. एका दांडग्याने त्याच्या तोंडावर ठोसा मारला. ग्लास फुटले. दुसरा ठोसा बसला.

देवाशपथ सांगतो, मी ते बघितलं, आणि तरीही एक बॉल बघायला थांबलो.

मग धावलो. दांडग्याच्या पेकाटात लाथ घातली, प्लास्टिकची खुर्ची त्याच्या पाठीत मोडली. तो पडला तरी मारत राहिलो. हाताची कातडी सोलली तरी थांबवेना. शेवटी चौघांनी मला ओढून काढलं. "यल्ला, निघ, पोलीस आले तर खलास!"

माझा रूममेट जमिनीवर बसला होता. ओठ फाटलेला, समोरचे दोन दात गेलेले, शर्ट रक्ताने भिजलेला, मनगट चहाने भाजलेलं. थाळी मात्र मांडीवर, दोन्ही हातांत घट्ट धरलेली.

"अरे गाढवा, हात का नाही उचललास?"

"दादा, तुझं खाणं होतं ना हातात. जिंकलो का?"

जिंकलो होतो. त्याने थाळी पुढे केली. आणि मी मेल्याने ती घेतली, गाडीत बसून सगळी खाल्ली. फार चवदार होती.

लग्नाचे फोटो आले. एकाही फोटोत त्याने तोंड उघडलेलं नाही. त्याच्या आईचा मला परत कधी फोन आला नाही.