कुत्र्याची एकादशी

माझ्या थोरल्या भावाला जगातलं सगळं कळतं. सोसायटीची टाकी कधी धुवावी हे कळतं, सुनेने वरणाला फोडणी कशी द्यावी हे कळतं, डॉक्टरांना काय कळत नाही हेसुद्धा कळतं. मुलुंडला आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहतो, तो पहिल्या मजल्यावर, मी दुसऱ्या, त्यामुळे ही ज्ञानगंगा मला घरपोच मिळते. वहिनी गेली, मुलगा-सून ठाण्याला वेगळे राहायला गेले, तेव्हापासून त्याच्या घरात तो आणि त्याचा कुत्रा. कुत्रा गावठी, तपकिरी, एक कान कायमचा पडलेला. दादा त्याला ‘बाळा’ म्हणतो. स्वतःच्या मुलाला त्याने जन्मात कधी बाळा म्हटलं नाही, पण ते असो.

दादा चातुर्मास पाळतो. चार महिने कांदा-लसूण बंद. म्हणून आषाढी एकादशीच्या आधी, नवमीला, घरातला सगळा कांदा संपवायचा. आमच्याकडे कांदेनवमी म्हणजे चार महिन्यांचा कांदा एका दिवसात पोटात ढकलायचा सोहळा. त्या वर्षी दादाने भजी तळली, कांद्याची थालीपिठं लावली, वर झुणका. त्यागाची तयारी म्हणून माणूस एवढं खातो हे देवालाही नवीन असेल.

जेवणं झाल्यावर उरलेलं सगळं त्याने परातीत कालवलं आणि कुत्र्यापुढे ठेवलं.

“दादा, कुत्र्याला कांदा देऊ नकोस, विष असतं ते त्यांना,” मी म्हटलं.

“हे तुला मोबाइलने सांगितलं का गं? आपल्या गावाकडची कुत्री काय ताट मांडून जेवायची? सगळं खायची. आणि नवमीला घरात कांदा ठेवायचा नसतो. टाकू का अन्न?”

“मग मी नेते वर.”

“तू गप बस. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या कुत्र्यासारखा करायचाय का माझा बाळा?”

तिसऱ्या मजल्यावर एक गुजराती कुटुंब आहे. घरात कांदा-लसूण येत नाही. त्यांचा भलामोठा लॅब्रॅडॉर खिचडी आणि दुधी खातो. जिन्यात तो दिसला की दादा ठरलेला विनोद करायचा, “काय बेन, आज महाराजांचा उपास का?” बेन हसून सोडून द्यायच्या. मी असते तर सोडलं नसतं.

एकादशीला कुत्रा जेवला नाही. दादाची छाती फुगली. दूधवाल्याला, वॉचमनला, फोनवर सुनेला, सगळ्यांना सांगून झालं, “माझ्या बाळाने एकादशी धरली! पूर्वजन्मीचा कोणीतरी पुण्यात्मा आहे.” शेजारची एक बाई तर त्या पुण्यात्म्याला हात जोडून गेली. पुण्यात्मा दारामागे पडून धापा टाकत होता.

द्वादशीला उपास सुटला, कुत्र्याचा सुटला नाही. मी खाली गेले, त्याचा ओठ वर करून पाहिला. हिरड्या पांढऱ्याफटक. गॅलरीत तो मुतला होता, ते कोकमाच्या आगळासारखं लाल-काळं. मी दादाकडे पाहिलं. त्याने कुत्र्याला चादरीत गुंडाळलं आणि आम्ही रिक्षाने जनावरांच्या दवाखान्यात गेलो.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. “काय खाल्लं?”

“घरचंच हो. बाहेरचं काही देत नाही मी.”

“कांदा?”

दादा भिंतीवरच्या मांजराच्या चित्राकडे बघायला लागला. मग मीच सांगितलं, परातीसकट. कच्चा असो की तळलेला, कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, असं त्यांनी शांतपणे समजावलं. रक्त फारच कमी झालंय, लगेच द्यायला हवं. ओळखीत कुणाकडे मोठा, तब्येतीने चांगला कुत्रा आहे का?

होता. खिचडी खाणारा.

दादाला मी मुद्दाम एकट्याला तिसऱ्या मजल्यावर पाठवलं. मदतीला जायला हवं होतं, पण मला ते बघायचं होतं, म्हणून मी जिन्याच्या वळणावर थांबले. बेननी दार उघडलं. दादा एकदम म्हणाला, “बेन, माझा बाळा मरतोय. मीच मारतोय त्याला.” आणि तो रडायला लागला, वहिनी गेली तेव्हाही रडला नव्हता तसा. माझा राग तिथल्या तिथे उतरला असता तर बरं झालं असतं. उतरला नाही. बेन मात्र आत वळून पट्टा घेऊन आल्या. “भाई, रडता काय? चला ना लवकर.”

कुत्रा वाचला. दादा आता भेटेल त्याला सांगतो, “कुत्र्याला कांदा म्हणजे विष, मी सांगतो तुम्हाला,” जणू शोध त्यानेच लावला. मी ऐकते आणि दात खाते.

यंदाच्या नवमीला त्याने भजी घरात तळलीच नाहीत. माझ्याकडे वर येऊन, दार लावून, ओट्यापाशी उभ्याने चार खाल्ली. मग साबणाने हात धुतले, वास घेतला, पुन्हा धुतले. दाराबाहेर कुत्रा नखांनी खरवडत होता. दादाने दार उघडताच तो शेपूट हलवत त्याच्या हाताकडे झेपावला, मागच्या वर्षी मिळालेलं यंदाही मिळेल म्हणून. दादाने दोन्ही हात पाठीमागे नेले.

“नको रे बाळा,” तो म्हणाला, “माझ्या हातचं असं काहीही खात जाऊ नकोस.”