मधला रकाना

प्रांजल माझ्या हाताला चावली तेव्हा तिसरीच्या वर्गात मराठीचा तास संपून गणिताचा सुरू व्हायचा होता. चावली म्हणजे नुसते दात लावले नाहीत. मनगटाच्या वर धरलं आणि धरूनच ठेवलं. अशा वेळी हात ओढायचा नाही, उलट थोडा मुलाच्याच दिशेने ढकलायचा, असं आम्हाला शिकवलं होतं. मी ढकलला. तिने सोडलं. वर्गातली चाळीसेक मुलं माना वळवून बघत होती.

वर्गशिक्षिका नेहा मिस फळ्याजवळून म्हणाल्या, "रेखाताई, तिला बाहेर न्या. आणि लिहून ठेवा हं."

मी तिला बाहेर नेलं, व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं आणि लिहिलं. शाळेतला तो माझा अकरावा दिवस होता.

माझं काम काय ते आधी सांगते, कारण माझ्या सख्ख्या भावालाही ते अजून नीट सांगता येत नाही. मी शॅडो टीचर आहे. ज्या मुलांना अपंगत्वामुळे वर्गात एकट्याने बसणं, लिहिणं, बोलणं जमत नाही, त्यांच्या शेजारी मी बसते. शिकवतात वर्गशिक्षिकाच. ते मुलापर्यंत पोचतंय का, एवढं मी बघते. आणि वर्षभरात मुलाला माझी गरज कमी लागली, तर माझं काम बरोबर झालं.

त्याआधी अकरा वर्षं मी चाकणच्या एका कंपनीत फायनल इन्स्पेक्शनला होते. गाडीतल्या वायरींचे जुडगे तपासायचे, चूक दिसली की शीटवर लिहायची. लाइन दुसऱ्या राज्यात गेली आणि आम्हा बायकांना घरी बसवलं. चाळिशीत कोण घेतंय नवीन कामाला? चिंचवडला हा सहा महिन्यांचा कोर्स होता. तीन महिने वर्गात शिकायचं, तीन महिने एखाद्या शाळेत प्रत्यक्ष काम. मला थेरगावची एक शाळा मिळाली आणि प्रांजल मिळाली.

प्रांजल आठ वर्षांची. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेली. बोलत नव्हती. गाणं लावलं की डोळे मिटून ऐकायची. तिचे वडील चाकणला एका कंपनीत शिफ्टला. मूळचे बीडकडचे. आई रोज तिला सोडायला यायची आणि फाटकाबाहेर दहा मिनिटं उभी राहायची. एकदा मी विचारलं, "ताई, का थांबता?" तर म्हणाली, "पहिल्या धा मिनटात शाळेचा फोन येतो बगा. घरी पोचून परत यावं लागतं. त्यापेक्षा थांबलेलं बरं."

कोर्समध्ये आमच्या पाटसकर मॅडमनी तीन रकान्यांची नोंद शिकवली होती. मूल चावलं, ओरडलं, पळालं की लिहायचं. पहिल्या रकान्यात आधी काय घडलं. मधल्या रकान्यात मुलाने काय केलं. शेवटच्या रकान्यात त्यानंतर मोठ्या माणसांनी काय केलं. मॅडम म्हणायच्या, "मधला रकाना सगळ्या जगाला दिसतो. त्यासाठी तुमची गरजच नाही. तुम्ही बाजूचे दोन बघायचे."

मला हे काम जमलं. जमणारच. अकरा वर्षं तेच केलं होतं. वेळ मिनिटासकट, जागा, कोण होतं, सगळं. तीन आठवड्यांत तीस नोंदी झाल्या.

एका रविवारी मी त्या सगळ्या पुढ्यात घेऊन बसले आणि पहिला रकाना वरून खाली वाचला. तीसपैकी चोवीस ठिकाणी एकच गोष्ट होती. बेल. तास संपल्याची बेल झाली, मधल्या सुट्टीची बेल झाली, चुकून दोनदा बेल झाली. शाळेची मोठी इलेक्ट्रिक बेल तिसरीच्या वर्गाच्या दाराबाहेर, भिंतीवरच होती. आपल्याला तिचा आवाज नुसता मोठा वाटतो. प्रांजलला त्याने दुखत होतं.

मग शेवटचा रकाना वाचला. बाहेर बाकावर बसवलं. बाकावर बसवलं. बाकावर बसवलं. आणि तो बाक बेलच्या बरोबर खाली होता. तिला जिथे दुखत होतं, तिथेच आम्ही तिला नेऊन ठेवत होतो. त्यातल्या बऱ्याच वेळा मी स्वतः नेलं होतं.

सोमवारी मी नेहा मिसना सांगितलं. त्या वाईट नव्हत्या, थकलेल्या होत्या. म्हणाल्या, "मग मी काय बेल काढून टाकू का ताई? चार वर्गांना ऐकू जाते ती."

मी म्हटलं, "बेल राहू द्या. बेलच्या दोन मिनिटं आधी मी तिला पाणी प्यायला मागच्या बाजूला नेते. आणि तिच्या आईला कानावर लावायचे जाड हेडफोन आणायला सांगते."

"तुम्हाला जमत असेल तर न्या."

जमलं. पहिल्या दिवशी ती दोनदा ओरडली. दुसऱ्या दिवशी एकदा. त्यानंतर आठ दिवस माझ्या वहीत एकही नोंद नाही. सातव्या दिवशी, अजून पाच मिनिटं असतानाच, तिने दप्तरातून, बोलता येत नाही म्हणून मागायला मी दिलेलं, पाण्याच्या चित्राचं कार्ड काढून माझ्या मांडीवर ठेवलं. स्वतःहून. तिला कळलं होतं की मागितलं की मिळतं. मी संध्याकाळी फाटकाबाहेर तिच्या आईला ते सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "म्हंजी आता थांबू नको का मी?"

मी म्हटलं, "उद्यापासून घरी जा."

हे मी म्हणायला नको होतं.

त्याच आठवड्यात प्रिन्सिपल मॅडमनी बोलावलं. "तुम्ही फार छान रेकॉर्ड ठेवता असं ऐकलं. बघू?"

मी वही दिली. त्यावर चार ओळींची सूचनाही लिहून दिली होती, बाक हलवावा, हेडफोनला परवानगी असावी. त्यांनी पानं उलटली. "एक्सलंट. आमच्या स्टाफलासुद्धा असं जमत नाही. राहू दे माझ्याकडे." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. कंपनीत अकरा वर्षांत माझ्या शीटला कुणी एक्सलंट म्हटलं नव्हतं. मी झेरॉक्स काढली नाही.

पुढच्या गुरुवारी माझा चिंचवडला पेपर होता. शाळेला आठवडाभर आधी कळवलं होतं. त्याच दिवशी पहिल्याच तासाला शाळेने गॅदरिंगची प्रॅक्टिस ठेवली. हॉलमध्ये दोन मोठे स्पीकर. प्रांजलचे हेडफोन दप्तरात आणि दप्तर वर्गात. तिला कुणी हॉलमधून बाहेर काढलं नाही, आणि आई मी सांगितल्याप्रमाणे फाटकावरून घरी गेलेली. ती स्वतःच पळाली, जिन्यात समोर आलेल्या एका मुलीला ढकललं. त्या मुलीचा ओठ फाटला, दोन टाके पडले. संध्याकाळपर्यंत तिसरीच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो फिरला. त्या मुलीच्या आईचा राग खोटा नव्हता. माझी मुलगी असती तर मीही चिडले असते.

शनिवारी साडेचारला मीटिंग. प्रांजलचे वडील पहिली शिफ्ट करून तसेच आले होते, कंपनीच्या ड्रेसवर. आई शेजारी. टेबलाच्या पलीकडे प्रिन्सिपल मॅडम आणि नेहा मिस. मला बाजूच्या खुर्चीवर बसवलं.

प्रिन्सिपल मॅडमनी त्यांच्यापुढे एक छापील कागद सरकवला. तारीख, वेळ, वर्तन. चावली. ओरडली. वही फाडली. पळाली. चावली. चौतीस ओळी. माझी वही टाइप केली होती, पण फक्त मधला रकाना. बाजूचे दोन नव्हते. खाली लिहिलं होतं, नोंद: रेखा साळवे, शॅडो टीचर. रिजेक्शनची शीट असते ना, तशी दिसत होती. फक्त जुडग्याच्या जागी पोर.

वडिलांनी बोट ठेवून ओळन् ओळ वाचली. मग माझ्याकडे बघितलं. "मॅडम, ह्ये तुमीच लिवलंय का?"

मी म्हटलं, "हो, पण हे अर्धं आहे. माझ्या वहीत प्रत्येक वेळी आधी काय झालं तेही..."

"रेखाताई," प्रिन्सिपल मॅडम शांतपणे म्हणाल्या, "यातलं काही खोटं आहे का?"

"शेवटची ओळ माझी नाही. मी त्या दिवशी नव्हते."

"पण घडलं ना ते?"

"घडलं."

"आणि बाकीच्या तेहतीस ओळी?"

खोटं काहीच नव्हतं. तेच तर माझं कौशल्य होतं.

"मॅडम, वही आणा," मी म्हटलं. "वही त्यांना दाखवा. बेलमुळे होतंय सगळं. आठ दिवस एकदाही..."

"वही शाळेची इंटर्नल आहे," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही ट्रेनी आहात. आम्ही तुम्हाला इथे निर्णय घ्यायला बोलावलेलं नाही."

मी नेहा मिसकडे बघितलं. त्या टेबलाच्या काचेखालचं वेळापत्रक वाचत होत्या.

अशा मुलीला शाळेतून काढता येत नाही, कायदा आहे. म्हणून शाळेने काढलं नाहीच. दुसरा कागद पुढे आला. पाल्याच्या हितासाठी आम्ही स्वेच्छेने शाळा सोडण्याचा दाखला मागत आहोत. मजकूर टाइप केलेला होता, सहीपुरती जागा मोकळी. आई म्हणाली, "आवो, थांबा ना जरा." वडिलांनी ऐकलं नाही. ते माझ्याकडे बघून एवढंच बोलले, "आमाला वाटलं तुमी तिच्या बाजूच्या हाय." आणि सही केली.

मी त्याच संध्याकाळी पाटसकर मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "रेखा, चूक शाळेचीच आहे. पण आपल्या विद्यार्थिनी घेणाऱ्या शाळा दोनच आहेत. मी भांडले तर पुढच्या बॅचला प्रॅक्टिकल कुठे करू? तू कोर्स पूर्ण कर." मला त्यांचा राग आला. अजूनही येतो. पण कोर्स मीही सोडला नाही.

वही मी दोनदा मागितली. दिली नाही. मग मी घरी बसून सगळं आठवून परत लिहिलं. तेहतीसपैकी बावीस नोंदी नीट आठवल्या. तिन्ही रकाने, स्वच्छ अक्षरात. तो कागद घेऊन मी डांगे चौकाच्या मागे त्यांच्या घरी गेले.

दार आईने उघडलं. आत या म्हणाली, पाणी दिलं. प्रांजल खिडकीशी बसून पडद्याची दोरी बोटाला गुंडाळत होती. माझ्याकडे बघितलं नाही. ती तशीही कुणाकडे चटकन बघत नाही, पण त्या दिवशी मला ते लागलं.

"ताई, माझ्यावर राग आहे का?" असं मी विचारणार होते. त्याआधी तीच म्हणाली, "तुमच्यावर राग न्हाई. पण ह्यांच्या तोंडात रोज तुमचं नाव येतं. मी काय सांगू त्यान्ला?"

मी कागद तिच्या हातात दिला. बेल, बाक, सगळं समजावलं. तिने नीट ऐकलं. तिचं शिक्षण दहावीपर्यंत, पण तिला हे नेहा मिसपेक्षा लवकर समजलं. "म्हंजी पोरीचं काही चुकलं न्हवतं," ती म्हणाली. मग कागदावरून हात फिरवत म्हणाली, "वाकडच्या एका शाळेत उद्या जायचंय आमाला. दाखवू का ह्ये तिथं?"

मी कागद परत हातात घेतला. अनोळखी माणसासारखा वाचायचा प्रयत्न केला. एखादी प्रिन्सिपल, दोन मिनिटं वेळ, बाहेर पालकांची रांग. तिची नजर कुठे जाईल? चावली. ओरडली. पळाली. चावली. बावीस वेळा.

"नका दाखवू," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली. का म्हणून विचारलं नाही. मी कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि निघाले.

वाकडच्या शाळेने जागा नाही म्हणून सांगितलं. त्यानंतरच्याही एका शाळेने सांगितलं. प्रांजल आता घरीच असते. आठवड्यातून दोनदा थेरपीला जाते, हे मला त्यांच्या शेजारणीकडून कळलं. पाण्याचं कार्ड अजून वापरते का, ते कळलं नाही. विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मी कोर्स पास झाले. शाळेने दिलेल्या शिफारसपत्रात लिहिलं होतं की श्रीमती साळवे यांचे नोंदी ठेवण्याचे काम उल्लेखनीय आहे. त्याच पत्रावर मला दुसऱ्या शाळेत नोकरी लागली.

आता मी नोंद करते ती अशी. आधी काय झालं, नंतर आम्ही काय केलं, हे सलग एका वाक्यात लिहिते आणि मुलाने केलेलं त्या वाक्याच्या पोटात घालते, म्हणजे कुणाला ते कापून वेगळं काढता येऊ नये. आणि त्याच दिवशी पालकांना नोंदीचा फोटो पाठवते. नव्या मॅडम म्हणतात, हा फॉरमॅट चुकीचा आहे. बरोबर आहे त्यांचं. बरोबर फॉरमॅटमध्ये मी एकदा लिहिलं होतं.