माझ्या वाटचे स्नान

ज्या गोष्टीचा उच्चारही आमच्या घरांत हलक्या आवाजात होई, ती उतारवयात लिहावयास घेताना संकोच वाटतो. परंतु ती सोडून सासूबाईंविषयी लिहिणे मला जमत नाही.

लग्न होऊन धारहून देवासला आल्यास वर्षही झाले नव्हते. पौषात मी तापाने पडले आणि त्यातच महिन्याची अडचण आली. रीतीप्रमाणे तीन दिवस पडवीत घोंगडीवर होते. मला कोणी शिवत नसे. काढा दारातून सरकवीत; तो उचलण्याचे बळ माझ्या हातांत नसे. चौथ्या दिवशी न्हाऊन घरात यावयाचे, तर छाती कफाने भरलेली. वैद्य अंगणातूनच म्हणाले, "बाईसाब, पानी मत लगाजो. बचेगी नी."

न्हाऊ घालावे तर मी जगत नव्हते, आणि न न्हाता गेले तर ते विटाळातले मरण. त्याहून वाईट गती सासूबाईंना ठाऊक नव्हती. त्या उंबऱ्यापर्यंत आल्या. मग पदर खोचीत म्हणाल्या, "आजाऱ्याच्या वाटचे स्नान धडधाकट माणसाने करायचे असते. दहादा न्हायचे, दर खेपेस आजाऱ्याला शिवायचे. धारच्या शाळेत हे शिकवले नाही वाटते."

"आई, मी करते. तुझे गुडघे दुखतात," नणंद म्हणाली.

"तू कालपासून शिंकते आहेस. एकीचे निस्तरते आहे तेवढे पुरे."

"निदान पाणी तरी तापवू दे."

"ताजे उपसलेलेच लागते."

आडावर रहाट करकरे, पाणी पडे, आणि सासूबाई ओलेत्याने येऊन माझ्या कपाळावर तळहात ठेवीत. पहिल्या खेपेस तो गारवा सुखाचा वाटला. पुढे हात कापू लागला, ओठांवरचे स्तोत्र तुटू लागले. "पुरे आता," असे मी पुटपुटले असावे.

"गप्प पड. अशी जाऊ देणार नाही मी तुला."

यात धर्माची भीती किती आणि माया किती, हे आजही मला निश्चयाने सांगता येत नाही.

शेवटचे स्नान झाल्यावर कोरडे नेसून त्यांनी नणंदेच्या मदतीने माझे लुगडे बदलले, मला आत नेले आणि काढा पळीपळीने पाजला. नणंदेने त्यांना शेकायला चुलीपाशी बोलावले. त्या माझ्या उशाशीच बसून राहिल्या.

"आता हिला शिवता येते," म्हणाल्या, "बसू दे मला इथेच."