भैरोबाचा डावा कौल आणि तासगावची वाट

वाईहून तासगावला आज स्वतःची गाडी असली तर सकाळचा चहा घेऊन निघावं आणि जेवायला पोचावं. आम्हाला पाच दिवस लागले, कारण आम्ही वाटेत नारळ पेटवत निघालो होतो.

ही गोष्ट आणीबाणी उठल्यानंतरच्या हिवाळ्यातली. सभांना पुन्हा मोकळीक मिळाली होती आणि सगळ्यांनाच बोलायची हौस आली होती. सांगलीत विवेकवादी मंडळींचा मेळावा ठरला. त्यासाठी धारवाडचे देसाई सर येणार होते. रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, उंच, काटकुळे, बोलायला गोड. मेळाव्याआधी त्यांनी वाईला यावं आणि सांगलीला जाताना मेढा, सातारा इथं प्रयोग करून दाखवावेत असं ठरलं. प्रयोगांना लागणारं सामान आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत होतं आणि तिची किल्ली माझ्याकडे, म्हणून मुख्याध्यापिकाबाईंनी मलाच सोबत धाडलं. माझे यजमान म्हणाले, "जा की." सासूबाई म्हणाल्या, "परक्या म्हाताऱ्याबरोबर बाटल्या घेऊन गावोगाव हिंडायचं, हे काय शाळामास्तरणीचं काम?" मी त्यांच्या पाया पडले आणि निघाले. वाद घालून त्यांच्यापुढे कुणाचा टिकाव लागला नव्हता, माझा काय लागणार.

आता खरं सांगते. मला विवेकवादाचं तेवढं पडलेलं नव्हतं. मला पडलं होतं माझ्या मामेबहिणीचं, शालनचं. तासगावजवळच्या आमच्या आजोळी मामांची द्राक्षबाग. मामा फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. शालन मॅट्रिक झाली, मिरजेला नर्सिंगच्या शिक्षणासाठी तिची निवड झाली, आणि संक्रांत झाली की हजर व्हायचं होतं. मामांनी गावच्या भैरोबाला कौल लावला. आमच्याकडे कौल म्हणजे देवाच्या ओल्या पाषाणावर दोन्ही अंगांना एकेक फुलाची पाकळी चिकटवायची आणि प्रश्न घालायचा. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. डावी पडली. महिन्याने पुन्हा लावला, पुन्हा डावी. विषय संपला. शालनने जेवण सोडलं नाही, रडारड केली नाही, फक्त बापाशी बोलणं बंद केलं. मला वाटलं, सरांना एकदा मामांसमोर उभं करावं, मग बघू.

तर पहिला मुक्काम मेढा. पाचवड, कुडाळवरून एसटी जाते. आता तो रस्ता छान झालाय आणि पावसाळा सरताना गेलात तर डोंगर बघून डोळे निवतात. आम्ही गेलो तेव्हा रस्त्यापेक्षा खड्डे जास्त होते आणि माझ्या मांडीवर रॉकेलात बुडवलेल्या सोडियमची बाटली. शेजारच्या बाईच्या पिशवीत कोंबडी. कोंबडी बाटलीकडे बघे आणि मी कोंबडीकडे. सोडियमला पाणी लागलं की ते पेट घेतं, हे मी मुलींना शिकवायची, पण मांडीवर घेऊन कधी बसले नव्हते. सर मागून म्हणाले, "बाई, भिऊ नका की हो. रॉकेल आहे तोवर ते झोपलंय."

मेढ्याला शाळेच्या पटांगणात माणसं बरीच जमली. सरांनी नारळ हातात घेतला, मंत्र पुटपुटल्यासारखं केलं, शेंडीवर पाणी शिंपडलं, आणि शेंडी भडकली. बायकांनी हात जोडले. तेवढ्यात पुढं बसलेला एक फेटेवाला उठला.

"नारळ तुमचा, मंत्र तुमचा. मी समोरच्या दुकानातनं आनतो, त्यो पेटवा."

तो खरंच नारळ घेऊन आला. सरांनी त्या नारळावर पाणी शिंपडलं, पुन्हा शिंपडलं, पार भिजवला. काही नाही. लोक हसायला लागले. मला वाटलं, गेली अब्रू. पण सर एवढे खूश झाले की त्यांनी त्या माणसाला मिठीच मारली. "मी बाटलीतून जे आणलंय ते शेंडीत लपवलं होतं," ते म्हणाले, "आणि एवढ्या माणसांत यांनी एकट्याने विचारलं, की दुसरा नारळ का नाही? माझं भाषण झालं हो. आता काय बोलू?" फेटेवाला म्हणाला, "बाजारात बैल घेताना चालवून बगतोच की आमी, नारळ का नगं बगायचा?" मग त्याच्याच घरी पिठलं, भाकरी आणि कच्चा कांदा. मेढ्याला हॉटेलं शोधत बसू नका, कुणी जेवायला बोलावलं तर जा.

साताऱ्याचं फारसं सांगण्यासारखं नाही. सभेला वकील जास्त आणि श्रोते कमी. दोन वकील देव आहे की नाही यावर एकमेकांशी भांडले, सर कोपऱ्यात बसून कंदी पेढे खात राहिले. पेढे मात्र घ्याच, आणि ताजे घ्या, डब्यात बंद करून ठेवलेले नकोत.

साताऱ्याहून कराड, इस्लामपूर करत सांगली. दिवस गेला. हल्ली त्या वाटेवर अख्ख्या मसुराचे धाबे झालेत, तेव्हा स्टँडवरचा चहा आणि शेंगदाणे यावरच भागवावं लागे. सांगलीत शिरताना आयर्विन पुलावरून कृष्णा दिसली आणि माझ्या जिवाला बरं वाटलं. आमच्या वाईच्या घाटावरचीच नदी, इथं येऊन पोक्त झालेली.

मेळावा म्हणजे एक दिवाणखाना, पन्नाशीचे बरेच लोक, चार-पाच कॉलेजातली पोरं, आणि लांबलचक भाषणं. एका वक्त्याने विज्ञाननिष्ठेवर असं कंटाळवाणं भाषण दिलं की देव असता तर त्यानेच थांबवलं असतं. पण एक गोष्ट मला फार आवडली. तिथं कुणीही कुणालाही "कशावरून?" विचारत होतं आणि विचारलेल्याला राग येत नव्हता. माझ्या माहेरी, सासरी, शाळेत, कुठंच असं घडलेलं मी पाहिलं नव्हतं. पोरं मोठ्या माणसांना विचारत होती आणि मोठी माणसं "थांब हं, बघून सांगतो" म्हणत होती.

मी मामांना निरोप धाडला होता, आणि मामा आले. भाषणासाठी नव्हे. द्राक्षाच्या फवारणीचं मोरचूद आणायला त्यांना सांगलीला यायचंच होतं. फौजेत पायाला गोळी लागलेली, म्हणून थोडे लंगडत, पांढऱ्या मिशा, डोक्याला टोपी. शेवटच्या रांगेत बसून त्यांनी छान झोप काढली. चहाच्या वेळी मी सरांशी गाठ घालून दिली. मोरचूद हा शब्द ऐकला आणि सरांचे डोळे लकाकले. पाणी किती, चुना किती, कळशीत कालवता की पिपात, एवढं विचारलं की मामा खुशीत आले. "सर, बागंत या की. सोताच बगा."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही बागेत होतो. द्राक्षाचे मणी अजून हिरवे, वाटाण्याएवढे. शालन टोकाला कात्रीने घड विरळ करत होती. मला बघून हसली, बापाकडे बघितलंसुद्धा नाही. मामांनी पिपात मोरचुदाचं निळं पाणी आणि चुन्याची निवळी कालवली. मग त्यात विळ्याचं पातं बुडवलं, थोडं थांबून वर काढलं. पात्यावर तांबूस झाक आली होती.

"तांबं चढलं," मामा म्हणाले. "चुना कमी पडला. आसंच फवारलं तर पानं जळत्यात." त्यांनी आणखी चुना घातला, विळा चोळून पुन्हा बुडवला. आता पातं स्वच्छ.

सर म्हणाले, "दर पिपाला तपासता?"

"दर पिपाला. कालचं पिंप चांगलं हुतं म्हनून आजचं आसंलच आसं न्हाई."

"सुभेदारसाहेब, एक विचारू? कौल कधी तपासला का?"

मामांच्या हातातला विळा तसाच राहिला. माझ्याकडे बघून म्हणाले, "हे तुजं काम व्हय, कमळ?" मी मान खाली घातली. सर शांतपणे म्हणाले, "ज्याचं उत्तर आपल्याला पक्कं ठाऊक आहे, असा एक प्रश्न आधी विचारायचा. विळ्यासारखा. मग बाकीचं."

"आमच्या देवाला मोरचुदाच्या पिपात घालू नगा," मामा म्हणाले आणि फवारणीचा पंप पाठीला लावून निघून गेले. त्या संध्याकाळी जेवणं घाईघाईत उरकली. मामींनी केलेली शेंगदाण्याची आमटी अशी होती की एरवी मी तीनदा वाढून घेतली असती.

सकाळी मामा माझ्या दाराशी आले. "चल गं. देवळात जाऊ."

देवळात गुरव एकटाच होता. त्याने पाषाणावर पाणी घातलं, झेंडूच्या दोन पाकळ्या चिकटवल्या आणि म्हणाला, "पोरीचंच का, सुभेदार?"

"न्हाई," मामा म्हणाले. मग हात जोडून, अगदी भक्तीनं, मोठ्यानं विचारलं, "देवा, मी फौजेत हुतो का न्हाई?"

आम्ही तिघं बघत उभे. पाणी ओघळत होतं. डावी पाकळी घसरली आणि पडली.

मामांनी त्या पाकळीकडे बघितलं. मग स्वतःच्या पायाकडे. "मग ही गोळी कुटं खाल्ली मी? जत्रंत?"

गुरव चपापला. "सुभेदार, देवाची परीक्षा बगू नये."

"देवाची न्हाई रं. पाकळीची बगतोय."

त्यांनी देवाला नमस्कार केला, नेहमीसारखाच, खाली वाकून. बाहेर येऊन पायरीवर बसले. मी शेजारी टेकले. बोलायची फार इच्छा होती, पण जीभ आवरली.

"कमळ," ते म्हणाले, "डावा पडला तवा मला बरं वाटलं हुतं. पोर लांब जानार, परक्या मानसांचं करनार, रातपाळ्या करनार. माजा जीव हुत न्हवता. पन तिच्या तोंडावर न्हाई म्हनायचं धाडस बी हुत न्हवतं. मग देवाला म्हनाया लावलं."

"मग आता तुम्ही म्हणा," मी म्हटलं. "नाहीच म्हणायचं असेल तर तुम्ही म्हणा. तिच्यासमोर."

मला वाटलं, चिडतील. उठले आणि तडक बागेत गेले. मी मागोमाग. शालन घडाखाली उभी होती. मामा तिच्यापुढे जाऊन उभे राहिले. तोंड उघडलं, मिटलं, मिशीवरून हात फिरवला. शालनने कात्री खाली घेतली आणि बापाच्या डोळ्याला डोळा भिडवला, किती दिवसांनी कोण जाणे.

"मिरजंला," मामा म्हणाले, "थंडी लय आसती का गं?"

"आपल्यासारकीच, आबा."

"माजी मिलट्रीची ट्रंक हाय. आन् कांबळं बी. घिऊन जा."

शालन एकदम बोलत सुटली. कधी हजर व्हायचं, काय न्यायचं, सुट्टी कधी असते. सकाळीच बागेत फिरायला आलेले सर आणि मी बांधावर जाऊन हिरवे मणी बघत बसलो. सरांचे डोळे ओले झाले होते. म्हणाले, "चुना लागला हो डोळ्याला."

परत निघताना मामा तासगावच्या स्टँडवर पोचवायला आले. तासगावला गेलात तर गणपतीचं दक्षिणी गोपूर बघा आणि द्राक्षं फेब्रुवारीनंतरच घ्या, आधी घेतलीत तर तोंड वाकडं होईल. गाडी लागली तेव्हा मामा खिडकीशी आले. "कमळ, तिचं तिथं काय बरंवाईट झालं तर आता कुनाचं नाव घिऊ?"

"तुमचं," मी म्हटलं. मग वाटलं, फार तोडून बोलले. "आणि माझं."

"व्हय," ते म्हणाले. "तेच ध्यानात आलंय."

वाईला पोचले. सासूबाई चुलीपुढे भाकरी थापत होत्या. मी सगळं सांगितलं. वाटलं होतं, देवधर्म बुडवला म्हणून माझी हजेरी घेतील. त्या ऐकत राहिल्या. देवळातलं सांगितलं तेव्हा त्यांचा हात थांबला.

"माझ्या लग्नाचाही कौलच लावला होता," त्या म्हणाल्या. "उजवा पडला. म्हणून या घरी आले."

मी विचारलं, "आणि तुम्हाला कुणी विचारलं असतं तर?"

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. "कोण जाणे. मला कुणी विचारलंच नाही, तर मी त्यावर कशाला विचार करू?" पण विचार करत होत्या. भाकरी पहिल्यांदाच करपली. ती बाजूला काढून, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "नाडी मोजायला नर्सला घड्याळ लागतं ना?"

"लागतं. सेकंदकाट्याचं."

"मग ते तिला माझ्याकडून द्यायचं," सासूबाई म्हणाल्या. "आणि पट्टा कुठल्या रंगाचा हवा, ते आधी तिला विचार."