प्रज्ञाच्या घरी माझ्याआधी कोण आलं होतं?

इथले अनुभव मी नेहमी वाचते - खरं सांगायचं तर हसायला. पिंपळ, पांढरी साडी, उलटे पाय... अहो, मी नर्स आहे! वॉर्डात कितीतरी माणसं जाताना पाहिली, परत आलेलं एकही नाही. आज मात्र हे लिहिताना नवऱ्याला शेजारी बसवून ठेवलंय. हसा खुशाल.

माझं काम जरा वेगळं. जी मुलं आता बरी होणार नाहीत, त्यांच्या घरी आमची गाडी यवतमाळहून जाते. मुलाला दुखू नये आणि त्याला घरच्यांजवळ राहता यावं, एवढंच बघायचं. गाडीत ड्रायव्हर आणि मी. डॉक्टर फोनवर असतात.

प्रज्ञा बोरी अरबच्या पुढच्या एका लहान गावात राहायची. नऊ वर्षांची, मांडीच्या हाडाचा कॅन्सर. हॉस्पिटलनं हात टेकले तेव्हा तिनंच हट्ट धरला, "मले घरी न्या." वडील दिवसभर मजुरीला, घरी आई - वंदनाताई.

सुयांना कंटाळलेली मुलं अंगाला हात लावू देत नाहीत. म्हणून माझी एक पद्धत आहे... आधी मुलानं मला तपासायचं. स्टेथोस्कोप प्रज्ञाच्या कानात, दुसरं टोक माझ्या छातीवर. ती मोठ्या डॉक्टरीणबाईसारखं तोंड करून ऐकायची आणि सांगायची, "धकधक हाये. आता तू मले तपास."

अडचण एकच होती. दुखणं उसळलं की मॉर्फिनचा जास्तीचा डोस द्यायचा, हे वंदनाताईंना किती वेळा समजावलं, पण त्यांचा हातच धजत नव्हता. "माया हातानं देल्लं अन् पोरगी उठलीच नाही तं?" लेकरू कण्हत राहायचं आणि आई बाटली धरून रडत बसायची. मला दोघींचीही कीव यायची, आणि राग तर फारच यायचा.

कापूस वेचणीचे दिवस होते. त्या दिवशी मी प्रज्ञाकडे जाणार होते, पण बाभुळगावकडच्या एका मुलाचं अचानक जास्त झालं आणि अख्खा दिवस तिकडेच गेला. वंदनाताईंचा फोनही लागेना. जिवाला नुसता घोर! दुसऱ्या दिवशी सकाळीच पोचले, तर प्रज्ञा उशीला टेकून चक्क पोहे खात होती.

"काल तुम्ही आल्या म्हून बरं झालं जी," वंदनाताई म्हणाल्या. "लय तडफडून राह्यली होती. तुम्ही माया हात धरून औषध देवाले लावलं, तवा कुठं निजली. आता मले भेव नाही वाटत."

"काल? काल मी आलेच नाही, ताई."

"काहून मजाक करता? भर दुपारी आल्या, एकट्याच. पायी आल्या काय म्हून इचारलं म्या, तं तुम्ही सिध्या पोरीपाशी जाऊन बसल्या."

बाटली उजेडात धरून पाहिली. औषध कमी झालं होतं, हवं तेवढंच. गावातल्या आशा सेविकेला, तीच आली होती का म्हणून, फोन लावला; ती काल दिवसभर शेतात होती. सगळं गावच शेतात होतं, पाहणार कोण?

प्रज्ञा माझ्याकडे एकटक बघत होती. मी स्टेथोस्कोप पुढे केला, तर तिनं हात मागे घेतला. मग भीत भीत कानात घातला. बराच वेळ ऐकलं आणि तिचे खांदे सैल पडले.

"आज हाये," ती हळूच म्हणाली.

"काय आहे गं?"

"धकधक. काल नोती, ताई. लय येळ आयकलं म्या... आत काहीच नोतं वाजून राह्यलं."

थंडीचे दिवस, तरी मला दरदरून घाम फुटला. कसंबसं विचारलं, "ती काही बोलली?"

"पुन्हा येईन म्हने."

त्यानंतर मी सकाळ-संध्याकाळ फोन करत राहिले. औषधाच्या निमित्तानं, पण विचारायचं असायचं भलतंच. देवापुढे कधी हात न जोडणारी मी, मनात म्हणत होते - तिला येऊ देऊ नको.

पुढच्या आठवड्यात दुपारी आमची गाडी गावात शिरली, तर दारात बायका जमलेल्या. वंदनाताईंनी धावत येऊन मला मिठीच मारली.

"औषध मीच देल्लं जी. जराही दुखलं नाही तिले. तुम्ही तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. म्या पानी आनाले उठली, अन् परत आली तं... ती गेली होती. तुम्हीही नोत्या."

गाडीपाशी उभा असलेला ड्रायव्हर माझ्याकडे बघतच राहिला. आम्ही आत्ता पोचत होतो, हे त्याला आणि मलाच ठाऊक होतं.

वंदनाताईंनी माझे दोन्ही दंड घट्ट धरले. "म्या उठली तवा तुम्ही तिच्यापाशी होत्या ना? एकटी तं नाही गेली ना माही पोरगी?"

"नाही हो," मी म्हटलं. "मी होते. माझ्याच मांडीवर गेली."

ती कोण होती, मला अजूनही माहीत नाही. डॉक्टर म्हणतात, जागरणानं आईला भास झाला असेल. असेलही... पण मग प्रज्ञानं कोणाची छाती ऐकली? तिनं लेकराला त्रास दिला नाही, हे मला कळतं. तरीही उद्या मी अंथरुणाला खिळले, तर ती माझ्याकडे कोणाचं तोंड घेऊन येईल, या विचारानं मला फार भीती वाटते.