नंदाबाईचं सहा खुर्च्यांचं टेबल

गोजरबाईच्या दारात छोटा हत्ती उभा राहिला की नंदाबाईच्या हातातलं काम थांबतं. गाडीतून काय उतरतंय आणि ते आपल्याकडच्यापेक्षा मोठं आहे का, एवढं कळल्याशिवाय तिला घास गोड लागत नाही. जालन्याकडच्या आष्टीत आमची पिठाची गिरणी आहे आणि गिरणीच्या समोरच्या अंगणात नंदाबाईचं घर. त्यामुळे तिचं जळणं मला रोज फुकटात बघायला मिळतं. मी तिची मैत्रीण आहे. नसते तर इतकं खरं लिहिलं नसतं.

ती वाईट बाई नाही, हे आधी सांगून टाकते. कापूस वेचायला तिच्यासारखा हात गावात कुणाचा नाही. माझ्या सासूचं दुखणं काढताना महिनाभर तिनंच डबा पोचवला. कुणी बंगला बांधला, कुणी चारचाकी घेतली, नंदाबाई मोकळ्या मनानं कौतुक करते. तिचं जळणं फक्त एकीसाठी राखून ठेवलेलं आहे, ती म्हणजे तिची थोरली जाऊ गोजरबाई. गोजरबाईनं नवी पायपुसणी आणली तरी हिच्या पोटात दुखतं.

दोघींची घरं एकाच अंगणात. वाटण्या झाल्या तेव्हा मधोमध भिंत घातली. अलीकडे थोरला सोमेश्वर आणि गोजरबाई, पलीकडे धाकटा आदिनाथ आणि नंदाबाई. सासरे, पुंजारामआबा, यांना मात्र भिंत घालून वाटता येईना. मग महिन्याची पाळी ठरली. एक महिना थोरलीकडे जेवायचं, एक महिना धाकटीकडे. सासू चार वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून हे असंच चाललं आहे.

दोघी जावांमध्ये चांगली सून कोण, असं गावाला विचाराल तर गाव नंदाबाईचं नाव घेईल. डोक्यावरचा पदर कधी ढळत नाही. आबा जेवायला बसले की ही दाराच्या आड उभी राहून वाढणार, ताटाकडे लक्ष ठेवणार, शब्द बोलणार नाही. गोजरबाई म्हणजे ढगळ काम. पदर खांद्यावर, हसणं रस्त्यापर्यंत, आणि सासऱ्याला 'मामंजी' न म्हणता पोरांसारखं 'आबा' म्हणते. नंदाबाई हे सगळं मला दर दोन दिवसांनी ऐकवायची.

मग आबांचे गुडघे गेले. खाली मांडी घालून बसता येईना. गोजरबाईनं काय करावं? आबांनाच एसटीत घालून जालन्याला नेलं आणि जेवायच्या टेबलाच्या दुकानात एकेका खुर्चीवर बसवून पाहिलं. पाय जमिनीला टेकतात का, हातावर जोर देऊन उठता येतं का, असं बघत तीन दुकानं पालथी घातली म्हणे. शेवटी आणलं ते साधं सागवानी टेबल आणि चार खुर्च्या. ना चकाकी, ना नक्षी.

नंदाबाई खूश झाली. "शाळंतला बाक उचलून आणला का काय!" असं तिनं मला गिरणीवर येऊन सांगितलं आणि पोट धरून हसली.

ते हसू महिना संपेपर्यंत टिकलं. तिची पाळी लागली. पहिल्या दिवशी तिनं पाट मांडला, ताट वाढलं, आणि आबा दारातूनच म्हणाले, "पोरी, गुडघे लई दुखून राह्यले. मी तिकडंच खुर्चीवर खातो." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवसापासून आबा अंगणात आले की या दाराकडे बघेनासेसुद्धा झाले. गावाला अशा गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. गिरणीच्या रांगेत बाया बोलू लागल्या की पाळी नंदाबाईची अन् म्हातारा थोरलीच्या ताटावर. आपल्या पाळीत सासऱ्यानं दुसरीकडे जेवावं, यापेक्षा भर चौकात कुणी शिवी दिलेली परवडली. नंदाबाईला आता एकच गोष्ट हवी होती. तिच्या पाळीत आबांनी तिच्याच घरी पोटभर जेवायचं.

"टेबलामुळं गेले," ती म्हणाली. "मंग टेबलच घेते."

टेबल निवडायला ती मला घेऊन गेली. आबांना नाही. जाण्याआधी भिंतीवरून डोकावून, उघड्या दारातून मोबाईलवर गोजरबाईच्या टेबलाचा फोटो काढला होता. जुन्या जालन्यात कापडाच्या ठोक दुकानांच्या मागे एका गल्लीत फर्निचरवाला आहे. तिथं तिनं फोटो पुढे केला आणि म्हणाली, "ह्याच्यापेक्षा मोठं दाखवा."

दुकानदार शहाणा होता. "ताई, घरात जेवणारे किती?"

"तिघं." लेक नांदायला गेलेली, पोरगा पुण्याला. घरात आदिनाथ, आबा आणि ती.

"मंग चार खुर्च्यांचं बराबर व्हईल."

"चार तिकडं हायेत," नंदाबाई म्हणाली.

त्यानं सरळ सहा खुर्च्यांचं दाखवलं. खोली किती मोठी आहे ते मी विचारलं, तर "मावंल बराबर" असं उत्तर मिळालं. तिनं पसंत केलेल्या खुर्च्या उंच पाठीच्या, लग्नाच्या स्टेजवर असतात तसल्या. एकीवर मी बसून पाहिलं तर माझेच पाय लोंबकळायला लागले. मी म्हटलं, "अगं, आबांचे पाय पोचायचे न्हाईत." ती म्हणाली, "तू वरची डिझाइन बघ ना." वर पांढऱ्या संगमरवरासारखी दिसणारी चकचकीत सनमायका होती. आत दाबलेला भुसा. सागवान आहे का हे विचारायचं तिला सुचलंच नाही, कारण फोटोत सागवान चमकत नव्हतं.

घरी आल्यावर पाय खोलून टेबल दारातून आत घ्यावं लागलं. एका बाजूला धान्याची कोठी, दुसऱ्या बाजूला दिवाण. सहातल्या दोन खुर्च्या काही केल्या मावेनात, त्या बाहेर ओट्यावर ठेवल्या. याचं तिला दुःख झालं असेल असं वाटत असेल तर तुम्हाला नंदाबाई कळलीच नाही. ओट्यावरच्या खुर्च्या रस्त्यावरून दिसतात. गोजरबाईच्या ओट्यावर नुसती बाज होती. नंदाबाई आठवडाभर तिथंच बसून शेंगा फोडत होती.

पण घरात बसायच्या खुर्च्या मराठवाड्याच्या उन्हात ठेवल्यावर जे व्हायचं ते झालं. रेक्झिनला चिरा पडल्या, मग पहिल्याच पावसात आतला स्पंज पाणी प्यायला आणि आठ दिवस कुबट वास मारत राहिला. तिनं जुनं लुगडं फाडून दोन्ही खुर्च्यांना गुंडाळलं. बाज तशीच होती. ऊन आलं की गोजरबाई ती उचलून भिंतीशी उभी करायची, झालं.

पोळ्याला गोजरबाईनं बैलांच्या शिंगांना तेल लावता लावता उरलेलं जवसाचं तेल फडक्यावर घेतलं आणि टेबल पुसून काढलं. लाकूड तेल पितं, कोरडं पडत नाही. हे भिंतीवरून दिसलं. संध्याकाळपर्यंत नंदाबाईनंही वाटीभर जवसाचं तेल आपल्या टेबलावर ओतून चोळलं. सनमायका काय पिणार? तेल वरच राहिलं. चिकट झालं, त्यावर पीठ बसलं, मग माश्या. आदिनाथनं कोपर टेकवलं आणि नवा सदरा वाया गेला. "तिच्या टेबलाला कसं लागलं मंग?" असं ती मलाच रागानं विचारत होती, जसं काही तेल मी आणून दिलं होतं. साबणाच्या पाण्यानं पुसायला मी बसले तिच्याबरोबर. कडांतून पाणी आत गेलं आणि एक कोपरा फुगला. तो आजही फुगलेला आहे.

आता आबा. तिच्या पाळीत नव्या टेबलावर आबा आले, हे खरं. सुनेनं एवढा खर्च केला म्हणून मान राखायला आले. खुर्च्यांवरचं दुकानातलं प्लॅस्टिक नंदाबाईनं काढलं नव्हतं, नवेपणा राहावा म्हणून. आबा बसले की प्लॅस्टिक चर्र वाजायचं आणि धोतर घसरायचं. पाय अधांतरी. आदिनाथ शेतातून दोनला येणार, म्हणून आबा त्या लांबलचक टेबलावर एकटे. नंदाबाई दाराआड, पदर सावरून, गरम भाकरी घेऊन उभी. आबांनी अर्धी भाकरी खाल्ली, ताटात हात धुतला आणि "बास" म्हणाले. आठ दिवसांत पुन्हा थोरलीकडे जायला लागले.

नंदाबाईनं हार मानली नाही. प्लॅस्टिक फाडून काढलं, आणि हा तिच्या दृष्टीनं फार मोठा त्याग होता. पायाखाली पाट ठेवला. वांग्याच्या भाजीत शेंगदाण्याचं कूट दुप्पट घातलं. आबा आले, थोडं खाल्लं, गेले. शेवटी ती गिरणीवर येऊन म्हणाली की हे टेबल विकून सागवानीच घेणार, आठ खुर्च्यांचं.

माझं डोकं फिरलं. "आठ कशाला, बारा घे अन् पंगत बसव," मी म्हटलं. "त्या म्हाताऱ्याला एकदा विचारशील का न्हाई, का न्हाई जेवत म्हणून?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिचं दळण पोचवायला गेले आणि ओट्यावरच्या लुगडं गुंडाळलेल्या खुर्चीवर टेकले. आबा अंगणातून थोरलीच्या दाराकडे निघाले होते. नंदाबाईनं आतून हाक मारली. आबा आले, बसले. तिनं ताट वाढलं आणि दाराआड जाऊन उभी राहिली. मग एकदम, चार वर्षांत पहिल्यांदा, तिथूनच बोलली.

"मामंजी, थोरल्या बाईच्या टेबलात असं काय हाय, ते सांगा."

आबा गोंधळले. "टेबलात काय असतंय? लाकूड."

"मंग माझ्याकडं का जेवत न्हाई तुम्ही? भाजीत काई कमी हाय का?"

"भाजी तुझीच चांगली असती," आबा म्हणाले. "गोजरचं मीठ कधी बराबर नसतंय. पण ती समोर बसून जेवती ना माझ्यासंगं. बडबड करती, भांडती. इथं सहा खुर्च्या अन् मी एकला. समोर कुणी नसलं की घास तोंडातच फिरतो, पोरी."

 सासऱ्यासमोर बसून जेवायचं, हे आमच्याकडे कुणी करत नाही. माझे सासरे वारले तोवर मी त्यांच्यापुढे पाणीसुद्धा प्यायले नव्हते.

नंदाबाई दाराआडून बाहेर आली. मग तिनं आपलं ताट वाढून घेतलं, आबांच्या समोरची खुर्ची ओढली आणि तिरकी, अर्धवट टेकून बसली. पदर तोंडापर्यंत ओढलेला. आबांनी नजर ताटात घातली, तिला अवघड होऊ नये म्हणून. दोघांनी एकेक भाकरी संपवली. आबांनी आणखी अर्धी मागितली.

तिला हवं होतं ते मिळालं होतं. तिथंच गप्प बसायचं ना! पण नंदाबाईच ती.

"टेबल आल्यापास्नंच बसतेत ना त्या समोर?" तिनं विचारलं.

"टेबल तं आत्ता आलं," आबा म्हणाले. "तुझ्या सासूचं तेरावं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी गोजर ताट घिऊन आल्ती. चुलीपाशी, खालीच बसली माझ्यापुढं. म्हनली, आबा, मला एकलीला जेवन जात न्हाई, तुम्ही बसा माझ्यासंगं."

नंदाबाईचा हात ताटावरच थांबला. आबांना वाटलं ठेचा लागला, त्यांनी पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला. जेवण झालं, आबा काठी टेकत बाजेवर जाऊन आडवे झाले. ती ताटं उचलायची सोडून ओट्यावर माझ्याजवळ आली. वस्तूंवरून ती जळायची तेव्हा तिचा चेहरा लाल व्हायचा, तोंड चालायचं. आज पांढरी पडली होती.

"हे बी तिनंच आधी केलं गं," ती म्हणाली आणि रडायला लागली.