रिलीव्हर आल्याशिवाय

नूरमोहम्मद मुलाणी या माणसावर मी चोवीस वर्षं वैतागलेलो आहे. नुसता रागावलो असतो तर एकदा कडकडून भांडून मोकळा झालो असतो. वैतागाला तशी सोय नसते. त्यातून माणूस असा की वाईट म्हणावं तर जीभ रेटत नाही. आमच्या कुरुळी गावात कुणाच्याही घरी मयत झाली तर हे पहिले हजर, आणि माती देऊन शेवटचा माणूस परत फिरेपर्यंत हे जागचे हलायचे नाहीत. न हलणं हाच त्यांचा मोठा गुण, आणि माझ्या मते तोच त्यांचा मोठा रोग.

आमची चाकणची कंपनी पत्रे दाबून गाड्यांचे सुटे भाग करते. नूरभाई तिथे पॉवर प्रेसवर, मी स्टोअरला. कंपनीची बास्केटबॉलची टीम आहे. तिचे कोच नूरभाई आणि मॅनेजर मी, म्हणजे पाण्याच्या बाटल्या, बर्फ, जर्सी आणि शिव्या ही चार खाती माझ्याकडे. शिवाय आमची स्कोअरशीट मी लिहितो, डाव्या हातानं. त्याचं कारण पुढं येईल.

यंदाच्या मार्चअखेर नूरभाई रिटायर होणार होते. अकरा वर्षांत त्यांनी टीम चार वेळा आंतरकंपनी स्पर्धेच्या फायनलला नेली आणि चारही वेळा हात हलवत परत आणली. ही पाचवी आणि शेवटची. तीन सामन्यांची मालिका, त्यातले दोन जिंकायचे. समोर गिअर बनवणाऱ्या कंपनीची टीम, तिला आम्ही नुसतं गिअरवाले म्हणतो. एकदा तरी कप घेऊन या माणसाला गेटबाहेर पाठवायचं, एवढंच माझ्या मनात होतं. म्हातारा तसा माझा कुणी लागत नाही, तरी होतं.

आता आमच्या टीमचं सांगतो. कंपनीच्या कॅन्टीनमागे आमचं कोर्ट आहे आणि त्याला एकच रिंग आहे. दुसरी मंजूर होऊन सहा वर्षं झाली. त्यामुळे पोरं अर्ध्या कोर्टात तरबेज आणि पूर्ण कोर्टात पाहुणी. तिथं वारा इतका की लांबून टाकलेला बॉल भलतीकडेच जायचा, म्हणून लांबून टाकायची सवयच कुणाला नाही. छोटे छोटे पास देत रिंगखाली शिरायचं आणि बॉल हळूच वर ठेवायचा, हे मात्र आमच्यासारखं कुणाला जमत नाही. आठ-आठ तास मशीनवर उभी राहणारी पोरं, दमणं त्यांना ठाऊक नाही.

पण आमचं खरं बळ डिफेन्समध्ये. तो नूरभाईंनी प्रेसशॉपच्या नियमावर उभा केलाय. आमच्याकडे शिफ्ट संपली म्हणून मशीन सोडून चालायला लागायचं नाही. पुढच्या शिफ्टचा माणूस येऊन समोर उभा राहतो, त्याला रिलीव्हर म्हणतात. तो आला की आपण सुटायचं. नूरभाईंनी हेच पोरांना शिकवलं. समोरचा खेळाडू म्हणजे तुझी मशीन. रिलीव्हर आल्याशिवाय ती सोडायची नाही. पोरांना ते पटकन कळलं, कारण ती रोज तेच करत होती.

पहिल्या सामन्यात त्याचा असा काही प्रताप दिसला की बास. पिंपरीच्या मैदानावर गिअरवाल्यांच्या पाचही जणांना आमच्या पाच जणांनी जखडून ठेवलं. त्यांचा नेमबाज पाणी प्यायला कडेला गेला तर आमचा झिशान त्याच्या शेजारी जाऊन उभा. अठ्ठावन्न-एकोणपन्नास असे जिंकलो. पोरांनी नूरभाईंना उचललं तेव्हा ते म्हणत होते की बॅगांपाशी कुणी थांबलंय का ते बघा आधी.

गिअरवाल्यांचा कोच तरुण, लॅपटॉपवाला. दुसऱ्या सामन्यात त्यानं आमचं बळ आमच्याच गळ्यात घातलं. त्यांचा धिप्पाड गडी येऊन झिशानच्या वाटेत भिंतीसारखा उभा राहायचा. झिशान त्याच्यावर आपटायचा आणि नेमबाज मोकळा सुटून सरळ रिंगकडे. अशा वेळी जवळच्या माणसानं आपला गडी सोडून त्याला अडवायचं असतं, हे शाळेतल्या पोरीही करतात. आमची चौघं मात्र आपापल्या माणसाला धरून, मान वळवून, बॉल रिंगमधून पडताना बघत होती. नेमबाज आमच्या गोरक्षच्या इतक्या जवळून गेला की त्याच्या जर्सीचा वारा लागला असेल. गोरक्ष हलला नाही. एकाहत्तर-पन्नास हरलो. स्कोअरशीट लिहिताना माझं पेन दोनदा कागदातून आरपार गेलं.

दुसऱ्या दिवशी मी नूरभाईंच्या घरी गेलो. नजमाभाभींनी चहा ठेवला. मी ओट्यावरच्या कपबश्या घेऊन सगळा डाव मांडून दाखवला. हा साखरेचा डबा म्हणजे त्यांचा धिप्पाड, तो झिशानच्या आड येतो, अशा वेळी गोरक्षनं आपला माणूस सोडायचा आणि गोरक्षच्या माणसावर रिझवाननं यायचं. नूरभाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग गोरक्षची कपबशी उचलून होती तिथे परत ठेवली.

भाभी म्हणाल्या, यांना दुधापाशी उभं केलं तर दूध उतरवून गॅस बंद केला तरी मी येईपर्यंत शेगडीपासून हलत नाहीत, तुम्ही कुणाला सांगताय. मी कपाळाला हात लावला. तोच हात, ज्याला तीनच बोटं आहेत.

तर ते आता सांगून टाकतो. दोन हजार एक साली कंपनी भोसरीला होती. मी बावीस वर्षांचा, कामाला लागून सात आठवडे झालेला ट्रेनी. नूरभाई तेव्हा स्वतः खेळायचे. त्या दिवशी चार वाजता त्यांची मॅच होती, रिलीव्हरला उशीर झाला. आठ मिनिटं वाट बघून त्यांनी मला सांगितलं, तो येतोच आहे, तू फक्त उभा राहा, हात लावू नको. आणि ते गेले. मोटर चालू होती. डायमध्ये, म्हणजे प्रेसच्या साच्यात, एक तुकडा अडकलेला मला दिसला. आल्या माणसाला मशीन साफ मिळावी म्हणून मी हात घातला, आणि पाय पेडलवर पडला.

उजव्या हाताची दोन बोटं गेली. चौकशीत नूरभाईंनी कुणी विचारायच्या आत सांगितलं, "मशीन मी सोडली." हात लावू नको असं त्यांनी बजावलं होतं, हे मी पाच जणांना सांगितलं. ती सबब त्यांनी स्वतःसाठी कधी मान्यच केली नाही. मला स्टोअरला घेतलं, लग्न झालं, पोरं झाली, डाव्या हाताचं अक्षर उजव्यापेक्षा बरं आलं. मी त्या बोटांशिवाय मजेत जगतोय. जगता येत नाही ते नूरभाईंना. त्यांनी खेळणं सोडलं ते सोडलंच, आणि कोच झाले तेव्हा तो एक नियम धरून बसले. बोटं माझी गेली आणि तत्त्व मात्र यांचं झालं, याचा मला किती उबग आला असेल ते तुम्हीच ठरवा.

तिसरा सामना रविवारी सकाळी. गिअरवाल्यांनी पुन्हा तोच डाव लावला. पण झिशान त्या धिप्पाडाला वळसा घालायला शिकला होता आणि आमचे छोटे पास चालत होते, म्हणून आम्ही टिकून राहिलो. वीस सेकंद उरली तेव्हा आम्ही बावन्न, ते एक्कावन्न, बॉल त्यांच्याकडे. नूरभाईंनी टाइमआउट घेतला. पोरं घामानं निथळत भोवती उभी राहिली आणि नूरभाई म्हणाले, आपापला माणूस सोडू नका.

मी स्कोअरशीट खाली ठेवली.

"नूरभाई," मी म्हणालो, "माझी बोटं गेली ती गेली. ती या पोरांच्या गळ्यात कशाला बांधता?"

पोरांना यातलं काही माहीत नव्हतं. ती एकदा माझ्या हाताकडे, एकदा त्यांच्याकडे बघू लागली. मला वाटलं आता हे मला मैदानाबाहेर काढणार. टाइमआउट संपल्याची शिट्टी झाली. पोरं वळली, तेव्हा त्यांनी गोरक्षचा दंड धरला.

"झिशान अडकला तर तू सोड," ते म्हणाले. "आपला माणूस सोड आणि आडवा जा."

चोवीस वर्षांत मी त्यांच्या तोंडून सोड हा शब्द पहिल्यांदा ऐकला. मला इतका आनंद झाला की पुढचं काही सुचलंच नाही.

झिशान अडकला. नेमबाज सुटला. गोरक्षनं आपला माणूस सोडला आणि बरोब्बर नेमबाजाच्या वाटेत दोन्ही हात वर करून उभा राहिला, बघत राहावं असा. नेमबाज थबकला. त्यानं बॉल गोरक्षच्या मोकळ्या माणसाकडे दिला. तो रिंगखाली एकटा. दोन पावलांवर रिझवान होता, आमचा सगळ्यात उंच गडी. त्यानं नुसता हात लांब केला असता तरी भागलं असतं. पण रिझवानला कुणी काही सांगितलं नव्हतं. तो आपल्या माणसाला धरून, हात पसरून, सात वर्षं शिकवलं होतं तसा उभा होता. बॉल रिंगमधून पडला. त्रेपन्न-बावन्न, आणि वेळ संपली.

कपबश्या मांडून रिझवानची जागा मीच दाखवली होती. टाइमआउटमध्ये मीही त्याला विसरलो. आता मी वैतागायचं कुणावर?

रिझवान बाकावर डोकं गुडघ्यात घालून बसला होता. नूरभाई त्याच्याजवळ गेले. तो वर न बघता म्हणाला, "चाचा, मी माझा माणूस सोडला न्हाई."

"व्हय," नूरभाई म्हणाले. "तू बरोबर केलंस. चूक माझी हाय."

परत येताना टेम्पोत मी त्यांच्याशी बोललो नाही. बोललो असतो तर ती चूक कुणाची यावर पुन्हा चोवीस वर्षांचं भांडण सुरू झालं असतं.

एकतीस मार्चला दुपारी कॅन्टीनमध्ये शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ आणि साहेबांचं भाषण झालं. कुणीही घरी गेला असता. नूरभाई शाल घडी करून पिशवीत घालून प्रेसवर परत गेले, कारण शिफ्ट साडेतीनला संपते. गेटवर नजमाभाभी आणि सून अल्फिया हार घेऊन उभ्या होत्या. साडेतीन वाजले. त्यांचा रिलीव्हर होता गोरक्ष, आणि गोरक्ष चाकणच्या चौकात ट्रॅफिकमध्ये अडकला होता. पावणेचारला पहिल्या शिफ्टची बस हॉर्न देऊन निघून गेली. सुपरवायझरनं दोनदा सांगून बघितलं. अल्फियानं मला फोन केला की भाभींच्या हातातला हार सुकायला लागलाय.

मी स्टोअरला कुलूप लावून प्रेसशॉपमध्ये गेलो. मोटर बंद होती, चाक कधीच थांबलेलं. मशीन पुसून लख्ख, आणि हे तिच्यासमोर सरळ उभे, पिशवी पायाशी.

"बंद मशीनला कसली राखण लागते?" मी म्हणालो.

ते म्हणाले की नियम मशीन चालू का बंद ते विचारत नाही.

मग मी त्यांच्या आणि मशीनच्या मधे जाऊन उभा राहिलो आणि उजवा हात पॅनेलवर ठेवला.

"मी आलोय नूरभाई. आता तुम्ही सुटा."

ते माझ्या हाताकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी तो कधी नीट बघितलाच नव्हता, मी समोर आलो की ते तोंडाकडे बघून बोलायचे. मग त्यांनी कुठल्याही शिफ्टला विचारतात तसंच मला विचारलं.

"सगळं बघून घेतलंस?"

"घेतलं," मी म्हणालो.

"हात लावू नको."

"नाही लावत."

त्यांनी पिशवी उचलली. दारापर्यंत जाताना तीनदा मागे वळून बघितलं, आणि तिन्ही वेळा मी त्यांना हातानं जा म्हटलं. मग ते गेले. गेटवरून टाळ्या ऐकू आल्या, भाभींचं काहीतरी रागावून बोलणं ऐकू आलं.

गोरक्ष चार वाजून पाच मिनिटांनी धापा टाकत आला. चाचा कुठेत, मशीन कुणाकडे दिली, असं विचारू लागला. माझ्याकडे, मी म्हणालो. स्टोअरच्या खिडकीवर माणसं खोळंबली होती, माझा फोन खिशात चार वेळा वाजला होता. पण खरं सांगतो, तो येऊन समोर उभा राहीपर्यंत मी त्या बंद मशीनपासून हललो नव्हतो.